युरेनियमला अडवणारे फॉस्फेट

युरेनियम जमिनीत एका जागी बसून राहत नाही. ग्रॅनाइटच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, ते काळ्या, जड युरेनिनाइटच्या रूपात कोट्यवधी वर्षे पडून असते. पावसाचे पाणी फटींमधून खाली उतरले आणि त्याच्याबरोबर हवेतला ऑक्सिजन गेला, की त्याचे वागणे पालटते. युरेनियमचा अणू दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन धरून युरॅनिल नावाचा आयन बनतो, पाण्यातल्या कार्बोनेटशी संधान बांधतो आणि चालू लागतो. विहीर, ओहोळ, नदी आणि शेवटी समुद्र. समुद्राच्या दर लिटर पाण्यात आज सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम विरघळलेले आहे. गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर पायाला लागणारी लाटही त्याला अपवाद नाही. ऑक्सिजन खेळत असलेल्या उथळ जमिनीत या प्रवाशाला रोखणारे फार थोडे आहेत. त्यांत फॉस्फेटची पकड फार घट्ट. फॉस्फेट आणि युरॅनिल एकत्र आले की पाण्यात सहसा न विरघळणारे स्फटिक तयार होतात, पिवळे किंवा हिरवे, पातळ, ठिसूळ आणि किरणोत्सारी. त्या स्फटिकांची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

या कुळातले प्रमुख खनिज म्हणजे ऑटुनाइट. फ्रान्समधल्या ओतँ या गावाजवळ ते मिळाले आणि १८५२ साली त्याला हे नाव पडले. त्याचे रासायनिक गणित सोपे आहे: एक कॅल्शियम, दोन युरॅनिल, दोन फॉस्फेट आणि दहा ते बारा पाण्याचे रेणू. वजनाने पाहिले तर जवळजवळ निम्मे युरेनियम. कॅल्शियमच्या जागी तांबे बसले की टॉर्बर्नाइट होते, पाचूसारखे हिरवे. हे ऑटुनाइटच्या कितीतरी आधी माहीत होते. युरेनियम हे मूलद्रव्य क्लापरोटने १७८९ साली ओळखले; त्याआधी, १७७२ साली, इग्नाझ फॉन बॉर्नने या खनिजाचे वर्णन हिरवा अभ्रक म्हणून केले होते. पुढे १७९३ साली वेर्नरने स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन याचे नाव त्याला दिले. मॅग्नेशियम बसले तर सलेआइट, बेरियम बसले तर युरॅनोसर्साइट, आणि धातूच्या जागी नुसता हायड्रोजन बसला तर चेर्निकोव्हाइट, जे निसर्गात दुर्मीळ आहे आणि ज्याच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. फॉस्फेटच्या जागी आर्सेनेट आलेली भावंडे धरली तर या गटातली खनिजे चाळीसच्या आसपास जातात.

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात बसून अशा खनिजावर पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या भागातले खडक युरेनियमच्या दृष्टीने गरीब आहेत. भूवैज्ञानिक ज्याला डिचोली फॉर्मेशन म्हणतात, म्हणजे शिरगाव, मये, मुळगाव, लामगावच्या खाणींत उघडे पडलेले फायलाइटचे गुलाबी-जांभळे थर आणि पट्टेदार लोहखडक, ते प्राचीन समुद्राच्या तळावर साचलेले आहेत, आणि त्यांत लोह व मँगनीज भरपूर असले तरी युरेनियम क्षुल्लक आहे. गोव्याच्या ईशान्येला सह्याद्रीच्या बाजूने दख्खनच्या बेसाल्टचा काठ लागतो. बेसाल्ट तर या बाबतीत ग्रॅनाइटहून कितीतरी निर्धन. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मोपा, वारखंड, नागझर, धारगळपर्यंत पसरलेले जांभ्याचे सडे. इथे कोणी हिरवा-पिवळा ऑटुनाइट शोधायला निघाला तर तो रिकाम्या हाताने परत येईल.

तरीही हा विषय आपला आहे असे मला ठामपणे वाटते. खनिज इथे नसले तरी ते ज्या रसायनामुळे तयार होते ते रसायन इथल्या प्रत्येक सड्यावर, प्रत्येक पावसाळ्यात चालू असते. उष्ण हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खडकातले सिलिका धुऊन नेणारे पाणी आणि मागे राहणारे तांबडे लोह. जांभ्याच्या जमिनीत खत घालूनही पिकाला फॉस्फरस का पोचत नाही, हा पेडण्या-डिचोलीच्या शेतकऱ्याचा जुना अनुभव. सुपर फॉस्फेटची गोणी रिकामी होते, पण त्यातला बराच भाग लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटून बसतो आणि मुळांच्या हाती लागत नाही. हीच तांबडी लोहऑक्साइडे युरॅनिललाही धरतात. लोह, फॉस्फेट आणि युरेनियम या तिघांचे जिथे जमते तिथे काय घडते, हे जगात एका ठिकाणी फार बारकाईने पाहिले गेले आहे. ते ठिकाण आपल्यासारख्याच मोसमी पावसाच्या प्रदेशात आहे. त्याच्याकडे जाण्याआधी खनिजाची अंगकाठी नीट पाहू.

ऑटुनाइटची रचना चिरोट्याच्या पदरांसारखी आहे. युरॅनिलचे अष्टफलक आणि फॉस्फेटचे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा लावून एक सपाट, ताणलेली जाळी विणतात. अशा जाळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि दोन जाळ्यांच्या मधल्या पोकळीत कॅल्शियम किंवा तांबे आणि पाण्याचे रेणू राहतात. या एका गोष्टीतून त्याचे जवळजवळ सगळे गुण उलगडतात. जाळ्यांमधले बंध दुबळे, म्हणून खनिज अभ्रकासारखे पापुद्र्यांनी सुटते. काठिण्य मोजपट्टीवर जेमतेम दोन ते अडीच, म्हणजे नखानेही ओरखडा उमटेल (पण नख लावायचे नाही, ते का ते शेवटी सांगतो). मधले पाणी सैल धरलेले, म्हणून कोरड्या हवेत ते निसटते आणि ऑटुनाइटचे मेटा-ऑटुनाइट, टॉर्बर्नाइटचे मेटाटॉर्बर्नाइट होते. संग्राहकांच्या कपाटातले अनेक सुंदर नमुने असेच वाळून अपारदर्शक होतात आणि भुगा सांडू लागतात. मधला धातूही अदलाबदलीला तयार असतो. तांबेयुक्त पाणी वाहिले तर कॅल्शियम बाहेर, तांबे आत. जाळी मात्र तीच राहते. युरेनियम जाळीत आहे, पोकळीत नाही, म्हणूनच पाणी आणि धातू ये-जा करत असताना युरेनियम जागेवर टिकते.

त्याच्या चकाकीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली ऑटुनाइट धरला तर तो प्रखर पिवळट-हिरवा उजळतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हाच तो किरणोत्सार. तसे नाही. ती चमक युरॅनिल आयनाची आहे: तो अतिनील प्रकाश शोषतो आणि हिरव्या प्रकाशात परत देतो. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही. याचा पुरावा टॉर्बर्नाइटच देतो. त्यात युरेनियम जवळजवळ तितकेच, किरणोत्सार तितकाच, पण टॉर्चखाली तो अंधारात राहतो, कारण तांब्याचे अणू ती ऊर्जा गिळून टाकतात. दोन नमुने शेजारी ठेवून हा फरक विद्यार्थ्यांना दाखवला की पुढचे बरेच समजावणे वाचते.

आता त्या घटनेकडे वळतो, जिच्यामुळे हे खनिज विज्ञानाच्या इतिहासात कायमचे गेले, आणि जी आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकली जाते. बेक्वेरेलने १८९६ साली युरेनियमचे अदृश्य किरण शोधले होते. पुढच्या वर्षाअखेर मारी क्यूरी यांनी ते किरण मोजायचे ठरवले. फोटोच्या काचेवरचा डाग किती काळा हे पाहण्याऐवजी त्यांनी हवेतून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला, पती पिएर आणि पिएर यांचे बंधू जाक यांनी शोधलेल्या क्वार्ट्‌झच्या गुणधर्मावर चालणाऱ्या उपकरणाने. प्रवाह इतका कमी की एकक धरायचे ते अँपिअरच्या शंभर अब्जाव्या भागाचे. त्या एककात युरेनियम धातूचा आकडा आला २.३. युरेनियमच्या संयुगांचे आकडे त्याहून कमी यायला हवे होते, कारण त्यांत युरेनियम कमी. तसेच आले. पण खनिजांची पाळी आली तेव्हा तक्ता उलटला. योआखिमस्थालचे पिचब्लेंड (युरेनिनाइटचेच एक रूप) ७.०. ऑटुनाइट २.७. आणि चाल्कोलाइट, म्हणजे आपला टॉर्बर्नाइट, ५.२. ज्या खनिजात निम्म्यापेक्षाही कमी युरेनियम, त्याचा आकडा शुद्ध युरेनियमच्या दुपटीहून अधिक.

इथे पिचब्लेंड उपयोगाचे नव्हते. ते अशुद्ध, नाना धातूंचे मिश्रण. त्यात काय काय आहे याची खात्री देता येत नाही. टॉर्बर्नाइटचे तसे नाही. त्याची घडण नेमकी ठाऊक होती, आणि प्रयोगशाळेत ते बनवण्याची रसायनशास्त्रज्ञ देब्रेची कृतीही होती. क्यूरी यांनी युरेनियम नायट्रेटच्या द्रावणात फॉस्फोरिक आम्लात विरघळवलेले तांब्याचे फॉस्फेट मिसळले, ५०-६० अंशांपर्यंत तापवले आणि थांबल्या. काही वेळाने स्फटिक खाली बसले. घडण तीच, रूप तेच. पण हा प्रयोगशाळेत घडलेला टॉर्बर्नाइट युरेनियम धातूपेक्षा सुमारे अडीचपट कमी सक्रिय निघाला, म्हणजे त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणात जितका असायला हवा तितकाच. मग खाणीतून आलेल्या स्फटिकात जास्तीचे काय होते? तिथे फक्त एकच उत्तर उरते: त्यात युरेनियमहून कितीतरी प्रखर असे काहीतरी अगदी थोड्या प्रमाणात दडलेले आहे, जे अजून कोणाला ठाऊक नाही. १२ एप्रिल १८९८ रोजी भौतिकशास्त्रज्ञ लिपमन यांनी क्यूरी यांचे हे टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीत मांडले. जुलैमध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियमची घोषणा झाली. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या शोधाची वाट पिचब्लेंडच्या ढिगाऱ्यातून गेली हे सर्वांना माहीत आहे. ती वाट खुली आहे याची खात्री एका युरेनियम फॉस्फेटने पटवून दिली, हे मात्र सांगायचे राहून जाते. माझ्या मते या प्रयोगाइतका स्वच्छ तर्क विज्ञानात क्वचितच सापडतो, आणि तो शाळेच्या प्रयोगवहीत असायला हवा.

त्या जास्तीच्या सक्रियतेचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. तो क्षय पावत जातो तेव्हा आठ अल्फा आणि सहा बीटा कण टाकत, एकामागून एक चौदा पायऱ्या उतरत शिसे-२०६ पर्यंत पोचतो. वाटेत १६०० वर्षे अर्धायुष्याचे रेडियम आणि जेमतेम ३.८ दिवसांचा रेडॉन वायू. खाणीतल्या स्फटिकात ही सगळी संतती साठलेली असते. नुकत्याच बनवलेल्या कृत्रिम स्फटिकात ती नसते. याच कारणाने ऑटुनाइटच्या नमुन्याचे वय कळायला मदत होते. हजारो किंवा लाखो वर्षांपूर्वी, म्हणजे भूविज्ञानाच्या मापाने काल-परवा, तयार झालेल्या स्फटिकात ही साखळी अजून तोलावर आलेली नसते.

इथे गोव्याचा एक धागा येतो. रेडियमची मागणी वाढली तेव्हा पोर्तुगालच्या बेइरा प्रांतातल्या ग्रॅनाइटच्या डोंगरांत, झिजलेल्या खडकाच्या भेगांत, ऑटुनाइट आणि टॉर्बर्नाइट मुबलक आढळले. उर्जेइरीसा ही तिथली प्रमुख खाण १९१३ साली रेडियमसाठी सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमसाठी चालू राहिली. देशातले युरेनियम उत्पादन २००१ साली थांबले. म्हणजे ज्या काळात लिस्बनचे सरकार डिचोलीच्या डोंगरांवर लोहखाणींचे परवाने देत होते आणि १९५० च्या दशकात मांडवीतून बार्जेस भरून खनिज जपानच्या जहाजांकडे जात होते, त्याच काळात त्याच सरकारच्या मायदेशी खाणकामगार हिरव्या-पिवळ्या फॉस्फेटाच्या शिरा खोदत होते. उर्जेइरीसाच्या माजी कामगारांच्या कुटुंबांना कर्करोगाच्या नुकसानभरपाईसाठी पुढे दीर्घकाळ झगडावे लागले, आणि खाणीचे ढिगारे झाकण्याचे काम अजूनही त्या प्रदेशाच्या आयुष्याचा भाग आहे. खाण बंद झाल्यावर मागे काय उरते हे डिचोलीला समजावून सांगावे लागत नाही. दुसरा एक योगायोग नोंदवतो. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक पुरुषोत्तम काकोडकर यांना सालाझारच्या राजवटीने पोर्तुगालला हद्दपार केले होते. त्यांचेच पुत्र अनिल काकोडकर पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक आणि २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

भारतातल्या युरेनियमचा शोध १९४९ पासून पद्धतशीर सुरू झाला, भूवैज्ञानिक दाराशा वाडिया यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यातूनच आजचे परमाणु खनिज अन्वेषण आणि अनुसंधान निदेशालय उभे राहिले, ज्याचे मुख्यालय हैदराबादला आहे. झारखंडमधल्या सिंगभूमच्या तांबे-पट्ट्यात जादुगुडा १९५१ साली सापडले. याच पट्ट्यात पृष्ठभागावर टॉर्बर्नाइट आणि ऑटुनाइटच्या नोंदी आहेत. तांबे, अॅपेटाइटमधले फॉस्फेट आणि युरेनियम एकाच जागी असल्यावर ते अपरिहार्यच. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणाल तर घाटापलीकडे बेळगाव जिल्ह्यातले देशनूर. तिथे कलादगी खोऱ्याच्या बदामी गटातल्या वालुकाश्मात युरेनियम आढळले आहे. कलादगीचे हे वालुकाश्म घाट उतरून सिंधुदुर्गातही तुरळक डोकावतात, म्हणजे तेरेखोलच्या पलीकडे फार दूर नाही. पण दगड तोच असला म्हणून खनिजही तेच असते असे नाही, आणि या पुस्तकात मी तसा अर्थ कुठेही सुचवलेला नाही.

उद्योगातही फॉस्फेटच. खनिजातून काढलेले कच्चे युरेनियम अणुभट्टीच्या लायकीचे शुद्ध करायचे तर त्याला इतर धातूंपासून वेगळे करावे लागते. त्यासाठी वापरतात ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचा तेलकट द्रव. त्यातल्या फॉस्फरसला जोडलेला ऑक्सिजन युरॅनिलला आपल्याकडे खेचून घेतो, बाकीचे धातू पाण्यातच राहतात. ट्रॉम्बेला ३० जानेवारी १९५९ रोजी अणुशुद्ध युरेनियमचा पहिला गोळा तयार झाला. ट्रॉम्बेच्या शुद्धीकरणाचे रसायन आणि डोंगरउतारावर ऑटुनाइट घडवणारे रसायन यांचे मूळ एकच आहे: युरॅनिलला फॉस्फेटच्या ऑक्सिजनची ओढ.

आता त्या मोसमी प्रदेशाकडे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, काकाडूच्या जंगलात, कूंगारा नावाचे युरेनियमचे ठिकाण आहे. उन्हाळा कडक, पावसाळा धो-धो, माती तांबडी. पेडण्याच्या माणसाला तो सडा परका वाटणार नाही. तिथे प्राचीन युरेनिनाइट पावसाच्या पाण्याने हळूहळू विरघळते आहे आणि युरेनियम भूजलाबरोबर उताराच्या दिशेने पसरते आहे. अणुकचरा जमिनीत पुरला तर लाखो वर्षांत काय होईल, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. कूंगाराने ते निसर्गात लिहून ठेवले आहे. म्हणून वेगवेगळ्या देशांचे संशोधक तिथे गेले. जपानच्या ताकाशी मुराकामी आणि सहकाऱ्यांना दिसले की पाण्यातले युरेनियम बराचसा प्रवास करायच्या आधीच सलेआइटच्या, म्हणजे मॅग्नेशियम-युरेनियम फॉस्फेटच्या, स्फटिकांत अडकले आहे. अॅपेटाइटच्या पृष्ठभागावर ते बसले होते, आणि त्याहून नवलाचे म्हणजे गोएथाइट व हेमॅटाइटच्या कणांवर, जिथे लोहाने फॉस्फेट आणि युरॅनिल दोघांना आधीच धरून ठेवले होते, तिथे अतिसूक्ष्म स्फटिक वाढलेले होते. एकंदर पाणी इतके पातळ की नुसत्या हिशोबाने तिथे सलेआइट तयारच व्हायला नको. लोहाच्या पृष्ठभागाने दोघांना एकत्र आणले म्हणून ते झाले. डिचोलीच्या खाणीत ज्या गोएथाइटला आपण कमी प्रतीचा ओर म्हणून बाजूला टाकतो, तोच कण तिथे हे काम करत होता.

कूंगाराची दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती आपल्या भागाच्या काळजाला भिडेल. फ्रेंच कंपनी अरेव्हाला तिथे खाण हवी होती. त्या जमिनीचे पारंपरिक राखणदार, जोक कुळाचे जेफ्री ली, यांनी नकार दिला. खाण झाली असती तर त्यांना फार मोठी रक्कम मिळाली असती. त्यांनी ती जमीन काकाडू राष्ट्रीय उद्यानात घालण्याची मागणी लावून धरली. २०११ साली कूंगारा जागतिक वारसा क्षेत्रात आले आणि २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या कायद्याने उद्यानात गेले. फॉस्फेटने जिथे युरेनियम अडवून ठेवले होते, तिथे एका माणसाने ते तसेच राहू दिले.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली मिडनाइट खाण स्पोकेन आदिवासींच्या राखीव प्रदेशात होती. तिथल्या उथळ खनिजात ऑटुनाइट भरपूर. १९५५ ते १९८१ ती चालली. मागे उघडे खड्डे, आम्लयुक्त पाणी आणि विखुरलेले ढिगारे राहिले, आणि २००० साली तिला देशातल्या सर्वांत दूषित ठिकाणांच्या यादीत घालावे लागले. खनिजाने युरेनियम अडवले होते ते हवा-पाण्याच्या शांत समतोलात. खडक फोडून तो समतोल मोडला की फॉस्फेटची पकडही ढिली पडते.

हे सगळे समजल्यावर माणसाने तीच युक्ती हाती घेतली. त्याच वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, अण्वस्त्रांच्या कारखान्याच्या जागी, भूजलात युरेनियम मिसळले होते. तिथे जमिनीत पॉलिफॉस्फेटचे द्रावण सोडून युरेनियम ऑटुनाइटच्या रूपात जागीच घट्ट करण्याचे प्रयोग झाले. त्याआधी १९९२ साली ब्रिटनमध्ये लिन मॅकास्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिट्रोबॅक्टर नावाचा जीवाणू सेंद्रिय फॉस्फेट तोडून त्याच्या पेशीभोवती युरेनियम गोळा करतो, आणि ते साठते ते हायड्रोजन युरॅनिल फॉस्फेट म्हणून. म्हणजे सुरुवातीला उल्लेख केलेल्या दुर्मीळ चेर्निकोव्हाइटचेच रूप. जे खनिज निसर्गात क्वचितच सापडते ते एका सूक्ष्मजीवाच्या अंगावर चढते. पुस्तकाचे पाचवे प्रकरण मी पूर्णपणे यासाठीच दिले आहे, आणि वाचकाला घाई असेल तर त्याने आधी तेच वाचावे.

फॉस्फेटचा विजय सार्वत्रिक नाही, हेही सांगतो. पाणी क्षारयुक्त आणि कार्बोनेटने भरलेले असेल तर कार्बोनेट जिंकते आणि युरेनियम चालतच राहते. पंजाबच्या नैर्ऋत्येकडील मालवा भागात, राजस्थानात आणि दक्षिणेतल्या ग्रॅनाइटी पठारावरच्या कूपनलिकांत युरेनियमचे प्रमाण वाढलेले आढळते, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. तिथल्या शेतांत फॉस्फेटची खते टनांनी पडत असूनही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे आणि भारतीय मानक ब्यूरोनेही तीच स्वीकारली आहे. किरणोत्सारापेक्षा इथे धोका मूत्रपिंडांना आहे, युरेनियम हा जड धातू म्हणून. जांभ्यातले पाणी सहसा किंचित आम्ल आणि बायकार्बोनेटने कमी असते, म्हणून आपली स्थिती वेगळी. पण कूपनलिका जांभा ओलांडून खालच्या खडकात जाते तेव्हा पाण्याची जातही बदलते, आणि मोपाच्या आसपास विमानतळ आल्यानंतर ज्या वेगाने कूपनलिका खोल चालल्या आहेत, त्या पाहता पाण्याच्या तपासणीत लोह आणि क्षारांबरोबर हाही एक आकडा असावा, असे मला मनापासून वाटते.

शेवटी ज्यांना हे खनिज प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांच्यासाठी. ऑटुनाइटचे अल्फा कण कागदानेही अडतात, पण धुळीच्या रूपात ते नाका-तोंडावाटे शरीरात गेले तर अडवायला कागद नसतो. म्हणून नख लावायचे नाही, फुंकर मारायची नाही, चव घ्यायची नाही, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. नमुना झाकणाच्या डबीत ठेवावा आणि ती डबी झोपायच्या खोलीत नव्हे, हवा खेळणाऱ्या जागी. त्यातून निघणारा रेडॉन कोंडलेल्या जागेत साठतो. युरेनियमची खनिजे आपल्याकडे सर्रास बाळगण्याची वस्तू नाही. ती अणुऊर्जेविषयीच्या कायद्यांच्या कक्षेत येतात, म्हणून शाळा-महाविद्यालयांनी नमुना अधिकृत मार्गानेच मिळवावा किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात जाऊन पाहावा. आणि कोणाला डोंगरात, खाणीत किंवा विहीर खणताना युरेनियम वा थोरियमचे खनिज खरोखरच सापडले, तर शोध लागल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते लेखी कळवण्याचे बंधन १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने प्रत्येक नागरिकावर घातले होते.